गाडीतला संसार आणि रात्रीचा मुक्काम: खानापूर ते निपाणी

दिवाळी झाली, मुलगा-सून नातवंडांना घेऊन पुण्याला परत गेले आणि ह्यांनी लगेच गाडी काढून चाकांत हवा भरून आणली. मी काय ते समजले. ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, मेतकूट, लोणचं, दोन ब्लँकेटं, गोळ्यांचा डबा, झालं.

गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आतल्या सीटा काढून एक पलंग, त्याच्याखाली सामानाचे कप्पे, छोटं सिंक, दोन शेगड्यांचा ओटा, मागच्या कोपऱ्यात दाराआड केमिकल टॉयलेट आणि टपावर सोलर. असले बदल आपल्या मनानं करून चालत नाहीत, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते, ती रीतसर घेतली आहे आणि कागद कायम गाडीत असतात. लोकांना वाटतं पैशाचा नाद आहे. तसं नाही. हे जन्मभर परिवहनच्या बसवर ड्रायव्हर, खानापूर, सौंदत्ती, गोकाक, निपाणी हे सगळे रूट ह्यांच्या हाताखालून गेलेले, आणि मी सरकारी मराठी शाळेत शिक्षिका. ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना पोचवलं पण एका ठिकाणी उतरून देऊळ बघितलं नाही, कारण टाइम झाला की गाडी काढायची. आता टाइम आपला आहे. आणि माझे गुडघे लॉजच्या संडासात वाकत नाहीत, हेही कारण आहेच.

या फेरीत एक गोष्ट सारखी खटकत राहिली ती थांबण्याची. रस्ते चांगले झालेत, नाही कशाला म्हणू, पण रस्त्यानं जाणाऱ्या माणसानं सावलीला कुठं बसायचं, पाणी कुठं भरायचं, बाईमाणसानं लघवीला कुठं जायचं आणि रात्र झाली तर गाडी कुठं लावायची याचा विचार रस्ता करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. सगळं नुसतं पुढं जाणाऱ्यासाठी.

पहिला दिवस: खानापूर, नंदगड, हलशी

सकाळी उजाडायच्या आत बेळगावातल्या घरून निघालो. तिसरं रेल्वे गेट, पिरनवाडी, मच्छे, देसूर, थंडी चांगली होती, शेतांवर धुकं. खानापुरात चहाला थांबलो. गाड्यावर क्यूआर कोड चिकटवलेला आणि शेजारी तो बोलणारा डबा, पैसे आले की एवढे रुपये मिळाले म्हणून ओरडणारा. ह्यांनी शंभराची नोट दिली तर पोरगा म्हणतो सुट्टे नाहीत, स्कॅन करा. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला फोनवरून पैसे देता येतात, नातीनं शिकवलंय, प्रश्न तो नाही. चहा देणारा आणि घेणारा यांच्यात दोन शब्द व्हायचे, कुठनं आलासा, कुठं चाललासा, त्यातच कळायचं की पुढं पूल खचलाय का, कुठं झाड पडलंय, कुणाच्या गावची जत्रा आहे. ह्यांची अर्धी ड्रायव्हरकी त्या दोन शब्दांवर झाली. आता डबा बोलतो आणि माणसं गप्प. मला हे अजिबात आवडत नाही आणि याला कुणी प्रगती म्हटलं की मला राग येतो.

खानापूर सोडलं की भाताची सुगी. दोन्ही बाजूला कापलेलं भात, वास असा की काच खाली करून बसावं. पण मळणी कुठं, तर डांबरी रस्त्यावर. पेंढ्या पसरून ठेवायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी त्या मळायच्या. मोटरसायकलवाले घसरून पडतात, तांदळात खडे आणि डांबर येतं. पूर्वी प्रत्येकाचं खळं होतं, शेणानं सारवलेलं, मध्ये तिवडा म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरायचे तो खांब. खळ्याच्या जागेवर घरं आली, शेड आली, ट्रॅक्टर उभा राहिला. हे खाली उतरले, पेंढ्या हातानं बाजूला सारून चाकापुरती वाट केली आणि मग गाडी नेली. तिथल्या आजीनं बघितलं आणि म्हणाली, "एवढं कोण करतंय आता." ह्यांनी सांगितलं, "आजी, अन्नावरनं चाक नेलेलं नाही कधी." खरं आहे ते, बसच्या वेळीही पेंढ्या दिसल्या की हे ब्रेक मारायचे आणि मागून पॅसेंजर ओरडायचे.

नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीला गेलो. कित्तूरच्या राणीसाठी लढला, इंग्रजांनी १८३१ मध्ये इथंच फाशी दिली. वडाचं झाड आहे, तिथं बसलो, पाणी प्यालो. झाडाखाली बसायला कुणाची परवानगी लागली नाही.

हलशीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. एकेकाळची ही पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाचं देऊळ गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं, आत समोरासमोर दोन गाभारे, एका बाजूला उभं राहिलं की दुसऱ्या देवाकडे पाठ होते म्हणून आमची सासू तिरकं उभं राहायची. काळ्या दगडाचा गारवा पायाला इतका बरा वाटला की तासभर उठलोच नाही. गाडी कुठं लावू विचारलं तर देवळातले मामा म्हणाले, "लावा की तिकडं, देवाच्या दारात कोण नको म्हणतंय." बोरिंगचं पाणी दाखवलं. झाला मुक्काम.

संध्याकाळी गावातून फिरताना पिवळ्या व्हॅना आल्या, इंग्रजी शाळांच्या, एकेका व्हॅनमधून टाय लावलेली, झोपेनं पेंगुळलेली पोरं उतरत होती. याबद्दल मला बोलायचंच आहे. खानापूर तालुक्यात घरोघरी मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दोन्ही. माझ्या वर्गातली पोरं कन्नड वर्गाबाहेर शिकली, बुधवारच्या बाजारात आईचा पदर धरून. आता गावातली मराठी शाळा ओस पडत चालली, एका वर्गात पाच-सात पोरं, कारण आईबापांना वाटतं इंग्रजी म्हणजे नोकरी. मी एका मुलाला विचारलं, चौथीतला असेल, काय शिकलास आज. त्यानं एक इंग्रजी कविता घडाघडा म्हणून दाखवली. त्यातल्या कुठल्याच ओळीचा अर्थ त्याला सांगता आला नाही. मराठी पाटी वाचता येत नाही, कन्नडही येत नाही, आणि इंग्रजीचं हे असं. आईबापांना मी दोष देत नाही, पोटाला चिमटा काढून फी भरतात बिचारे. पण मुलाला आधी आपल्या भाषेत विचार करायला येऊ दे, मग त्याला कुठलीही भाषा शिकवा, तो शिकतो. वर्गात उभं राहून मी हे रोज बघितलंय, कुणी पटवून द्यायची गरज नाही.

दुसरा दिवस: देगाव, कित्तूर आणि मुक्कामाची शोधाशोध

बिडीवरून देगावला आलो. कमलनारायणाचं देऊळ, कदंब राणी कमलादेवीनं बांधून घेतलेलं, घडवणारा शिल्पी तिप्पोज. छतावरची कमळं बघावीत. देगावात आमच्याशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळं बघणं झालं.

कित्तूरला मात्र कॉलेजची सहल आलेली. १८२४ मध्ये याच किल्ल्यासमोर राणी चन्नम्माच्या लोकांनी धारवाडच्या कलेक्टर थॅकरेला मारलं. मंगल पांडे नंतरचा, तेहेतीस वर्षांनी. मग इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, किल्ला पडला, राणी बैलहोंगलच्या कैदेतच १८२९ ला वारली. एवढी मोठी गोष्ट ज्या मातीत घडली तिथं उभं राहून पोरं मोबाईल काठीला लावून नाचत होती. मी एका मुलीला विचारलं, बाळ, ही भिंत कशाची माहीत आहे का. नम्रपणे म्हणाली, नाही मॅडम. मग मी तिला ते भोक दाखवलं, राजवाड्याच्या भिंतीत ध्रुवतारा बघण्यासाठी ठेवलेलं, डोळा लावला की नेमका ध्रुव दिसेल असं. तिनं मैत्रिणींना हाका मारल्या आणि बघता बघता दहा-बारा जणी गोळा झाल्या, प्रश्न विचारायला लागल्या. पोरं वाईट नाहीत, हो. त्यांना सहलीला आणणारे सर गाडीत बसून फोन बघत होते, माझा राग त्यांच्यावर आहे. सहल म्हणजे नुसती हजेरी नाही, आधी वर्गात गोष्ट सांगायची, मग जागा दाखवायची.

रात्री त्या भोकातून ध्रुव बघावा असं माझ्या मनात होतं पण संध्याकाळी किल्ला बंद होतो, आणि तसाही हायवेच्या दिव्यांनी आभाळ पांढुरकं होतं आता.

मुक्कामाचं काय झालं ते सांगते. हायवेला एक भलंमोठं हॉटेल, समोर पन्नास गाड्या राहतील एवढं पेव्हर घातलेलं मैदान, निम्मं रिकामं. वॉचमन म्हणाला, जेवलात तर तासभर लावा, रात्रीची नाही. आम्ही जेवायला तयार होतो. तरी नाही. मालकाचा नियम, सीसीटीव्ही आहे. वॉचमनचं वय ह्यांच्याएवढंच, त्याला वाईट वाटत होतं, पण नोकरी त्याची. पुढं दुसरं हॉटेल, तिथं साखळीच लावलेली. हे म्हणाले, वीस वर्षांपूर्वी याच पट्ट्यात ढाब्याला बाज टाकलेली असायची, ट्रकवाला, एसटीवाला, बैलगाडीवाला, कुणीही आडवं व्हावं. चौपदरी करताना कडेची चिंचेची, वडाची झाडं गेली, ढाबे गेले, आणि ट्रकवाले आता हायवेच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर गाडी लावून झोपतात. मागून येणारा धडकला की पेपरात बातमी येते, उभ्या ट्रकला धडक. त्याला उभं राहायला दुसरी जागा ठेवलीच नाही, हे कुणी छापत नाही.

शेवटी बैलहोंगलच्या अंगाला एका पेट्रोल पंपावर जागा मिळाली. डिझेल भरलं, मॅनेजरनं स्वतःहून मागच्या बाजूला दिव्याखाली गाडी लावायला सांगितली. "ऊटा आतेन्री?", जेवण झालं का, विचारलं. नाही म्हटल्यावर घरून आलेल्या डब्यातल्या दोन कडक भाकरी आणि एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, आणून दिली. त्या माणसाचं भलं होवो.

पंपावरच्या पोरांना गाडीतली वीज कशी चालते याचं कुतूहल. ह्यांना असं कुणी विचारलं की झालं. बॅटरी १२ व्होल्टची, २०० अँपिअर-अवर, म्हणजे गुणिले केलं की २४०० वॅट-अवर, आपल्या मीटरच्या भाषेत जेमतेम अडीच युनिट. पंखा तीस वॅट, रात्रभर चालला तरी पाव युनिट. छोटा फ्रिज दिवसाला अर्धं-पाऊण युनिट. आणि दीड हजार वॅटची इंडक्शन शेगडी अर्धा तास लावली की पाऊण युनिट खलास, म्हणून स्वयंपाक गॅसवर. घरी माणसं तीन खोल्यांत दिवे-पंखे-टीव्ही चालू ठेवून चौथ्या खोलीत मोबाईल बघत बसतात आणि बिल आलं की सरकारला शिव्या देतात, त्यांना महिनाभर या गाडीत ठेवलं पाहिजे. पाण्याचंही तेच. टाकी शंभर लिटरची. दोघांचं आंघोळ, भांडी, पिणं धरून दोन दिवस नीट पुरते.

तिसरा दिवस: सौंदत्ती

यल्लम्माच्या डोंगरावर मला लहानपणापासून जायचं वेड आहे. आमच्या माहेरची परंपरा, आजी बैलगाडीनं यायची.

डोंगरावर पोचलो तर दोन ट्रॅक्टर आणि एका टेम्पोतून कोल्हापूरकडची माणसं आलेली, पन्नासभर असतील, पोत्याचा आडोसा करून तीन दगडांच्या चुली पेटलेल्या, बायका पोळ्या लाटतायत, म्हातारी परडी मांडून बसलेली, पोरं भंडाऱ्यानं पिवळी झालेली. उदो गं आई उदो. जत्रेच्या पौर्णिमेला तर बैलगाड्यांची रांग लागते अजूनही. मी तिथं उभी राहून बघत होते आणि मला वाटलं की हल्ली शहरात लोक कॅराव्हॅन म्हणून जे नवं शोधून काढल्यासारखं बोलतात ते आमच्या बैलगाडीवाल्यांनी कधीच करून ठेवलंय: छपराची गाडी, आत अंथरूण, खाली टांगलेला कंदील आणि पाण्याची घागर, मागं वैरण, आणि डोंगरावर कुणाचंही कसलंही बुकिंग न करता हक्काची जागा. देवस्थान म्हणजे आधी थांबायची जागा आणि मग देव, असं माझी आजी म्हणायची.

आम्ही गाडी त्यांच्या शेजारी लावली. पाच मिनिटांत ओळख, दहा मिनिटांत पानात पुरणपोळी. त्यांच्यातल्या एका वैनींना गाडी आतून बघायची होती, बघून म्हणाल्या, "टॉयलेट आतच? हे लई ब्येस झालं बघा, आम्हा बायकांचे डोंगरावर हाल होतात." खरं दुखणं हे. पुरुषांना कळत नाही. लाखो बायका येतात, आणि पहाटे अंधारात आडोसा शोधतात. बांधलेले संडास असतात पण पाणी नसतं, पाणी असलं तर कुलूप असतं. शंभर फुटी कमानी उभारायला पैसा आहे.

आणि जुनं सगळं चांगलं होतं असंही मी म्हणत नाही. याच देवीच्या नावानं पोरी सोडल्या जायच्या. कर्नाटकात १९८२ मध्ये देवदासी बंदीचा कायदा झाला, तरी त्यानंतर किती वर्षं ते चालत राहिलं हे या भागात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वर्गात अशा एका आईची मुलगी होती, हुशार, अक्षर मोत्यासारखं. शाळेच्या दाखल्यात वडिलांच्या नावाची जागा भरताना तिची आई खाली बघून उभी राहिली होती. ती मुलगी आता नर्स आहे. मी देवीला दर वेळी तिच्या नावानं ओटी भरते, यावेळीही भरली.

दुपारी मलप्रभेच्या धरणाकडे जाऊन आलो, नविलुतीर्थ. कणकुंबीच्या माउलीजवळ उगम पावलेली नदी, आमच्या खानापूरच्या पुलाखालून जाणारी, इथं एवढी थोरली होते. नुसतं बघत बसलो. रात्री डोंगरावरच झोपलो, बाजूला ट्रॅक्टरवाल्यांची भजनं चालली होती, टाळ आणि चौंडकं. त्याचा कधी त्रास होत नाही. त्रास कशाचा झाला ते दुसऱ्या दिवशी.

चौथा दिवस: यरगट्टी, गोकाक

सौंदत्तीहून यरगट्टी करून गोकाक. उसाचा हंगाम सुरू झालेला. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस रस्त्याच्या बाहेर फूटभर लोंबतोय, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर चिखलानं माखलेला, आणि पुढं ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन भलेमोठे स्पीकर, एवढ्या आवाजात की मागच्यानं हॉर्न दिला तरी ऐकू जाणार नाही. आमचे हे एरवी शांत माणूस, पण अशा ट्रॉलीमागं अर्धा तास गेला की त्यांच्या कपाळावरची शीर दिसायला लागते. त्यांचं म्हणणं असं की चढाला ट्रॉली मागं सरकते, दोन ट्रॉल्यांची जोडणी एका पिनवर, ब्रेक फक्त ट्रॅक्टरला, आणि बत्ती नसलेली ट्रॉली रात्री दिसते तेव्हा ती वीस फुटांवर असते. ह्यांच्या डेपोतले दोन सहकारी असे गेले. ट्रॅक्टर चालवणारं पोरगं अठरा-वीसचं, त्याला खेपेमागं पैसे, म्हणून रात्रंदिवस चालवतं आणि झोप येऊ नये म्हणून गाणी. कारखान्यांनी गेटवरच बघावं, रिफ्लेक्टर नाही तर काटा नाही. एका हंगामात सगळे सुधारतील. वजनात एक किलो कमी भरलं तर दिसतं, दिवा नसलेला दिसत नाही?

यरगट्टीच्या पुढं ह्यांनी एका ट्रॉलीवाल्याला चहाला थांबवलं आणि आमच्या गाडीतल्या लाल रिफ्लेक्टर टेपचा रोल काढून त्याच्या मागच्या फळीला दोन पट्टे स्वतः चिकटवले. पोरानं पाया पडायला वाकलं. आवाजही कमी केला त्यानं, आमच्यासमोर तरी.

गोकाकच्या धबधब्याला नोव्हेंबरात पावसाळ्यासारखं पाणी नसतं. घटप्रभा इथं ५२ मीटर खाली उडी घेते, श्रावणात तांबड्या पाण्याचा तो आवाज छातीत घुमतो. आता दोन-तीन पांढऱ्या धारा. मला असा धबधबा जास्त आवडतो कारण मागचा खडक दिसतो, थर मोजता येतात. काठावर चालुक्यांच्या काळची देवळं आहेत आणि पलीकडं गिरणी, १८८७ पासून या पाण्याच्या जोरावर सूत काढणारी. त्या काळात आपल्या मुलखात चाकं फिरवायला पाणी वापरलं. झुलता पूल बाजूनंच बघितला. खडकावर मात्र पोरं कडेला जाऊन रील काढतायत, चप्पल घसरली की संपलं, दरवर्षी कुणी ना कुणी जातं. पाटी आहे, पोलीस नाही. मी दोघांना ओरडले. शिक्षिकेचा आवाज अजून चालतो, मागं आली ती. खाली पाण्यात बाटल्या, चिप्सची पाकिटं, थर्माकोलच्या पत्रावळ्या. देवळाच्या पायरीवर केक कापून त्याचे कागद तिथंच. अशानं वाढदिवस साजरा होतो का?

गावात करदंट घेतलं, डिंक तळून, खारीक, खोबरं, गूळ घातलेलं, ताजं असेल तर दाताला लागत नाही. आणि गोकाकची रंगवलेली लाकडी फळं घेतली. पेरू, सीताफळ, आंबा, केळं, हुबेहूब. माझ्या वर्गात अशी टोपली होती, पहिलीची पोरं फळ हातात घेऊन त्याचं नाव सांगायची, मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि एकजण दरवर्षी चावून बघायचा. कारागीर म्हणाला आता गिऱ्हाईक नाही, मुलगा यात यायचा नाही. मोबाईलवर फळाचं चित्र दाबलं की नाव ऐकू येतं, मग लाकूड कोण घेतो. हातात धरल्याशिवाय मुलाला काही कळत नाही, हे मी शपथेवर सांगेन. दोन डझन घेतली, नातवंडांना आणि आमच्या जुन्या शाळेला.

पाचवा दिवस: हिडकल, संकेश्वर, निपाणी

हिडकलच्या धरणावर सकाळी. बेळगावात आमच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं बरंचसं इथलं, बाकी राकसकोपचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, तेव्हा परत यायचं ठरवलंय. धरणासाठी ज्यांची घरं-देवळं पाण्यात गेली त्यांच्या पाण्यानं आपण गाड्या धुतो, हे बेळगावकरांनी एकदा इथं येऊन बघावं.

संकेश्वरात मिरची घेतली आणि दोन किलो गूळ. रसवंतीवाल्याकडं पाणी भरायला विचारलं तर त्यानं पाइपच काढून दिला, पैसे घेईना. त्याआधी एका चकचकीत दुकानात विचारलं होतं तर वीस लिटरचा जार दाखवला. प्रत्येक बसस्टँडला पूर्वी रांजण असायचे, उन्हाळ्यात कुणीतरी आईबापाच्या नावानं पाणपोई घालायचा. आता त्याच माणसाचा मुलगा आईबापाच्या नावानं डिजिटल फलक लावतो.

तवंदी घाट ओलांडून निपाणी. या हायवेवर १९८१ मध्ये तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी भावासाठी ठाण मांडलं होतं, पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी गेले. हे तेव्हा ऐन विशीत होते, त्यांच्या मामांचं तंबाखूचं रान, त्यामुळं तो विषय निघाला की ह्यांचा आवाज बदलतो. आता मामांच्या रानात ऊस आहे. मामी मात्र पहिल्यासारख्याच, तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात हाताची बोटं पिवळी झालेली, वय ऐंशीच्या पुढं, आम्हाला गाडीत झोपू देईनात. "घर असताना गाडीत? लोक काय म्हणतील मला." तेव्हा त्या रात्री गाडी अंगणात आणि आम्ही माजघरात.

संध्याकाळी देवचंद कॉलेजकडं चक्कर मारली. गाव कर्नाटकात आणि कॉलेज अर्जुननगरात म्हणजे महाराष्ट्रात, मध्ये काही नाही, चालत जावं. १९५६ ला दोन राज्यांमधली रेघ ओढली, १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे. आमच्या पिढीचं सगळं आयुष्य या रेघेवर गेलं. मला कन्नड येतं, कन्नड शेजारणीच्या हातची होळगी खाऊन माझी पोरं मोठी झाली, कन्नडबद्दल माझ्या मनात काही नाही. पण बसच्या बोर्डावर पूर्वी मराठीही असायचं, आता म्हाताऱ्या बायका कंडक्टरला विचारत फिरतात, ही गाडी खानापूरला जाणार काय. ह्यांनी स्वतः खडूनं काचेवर मराठीत गावाचं नाव लिहून गाडी चालवलेली आहे. प्रवाशाला कळेल असं लिहायला काय जातं?

परतीचा दिवस

मामींनी नाचण्याचं पीठ, शेंगा आणि दोन भोपळे गाडीत भरले. हायवेनं सरळ बेळगाव. टोलनाक्यावर फास्टॅग वाचला नाही, मागून हॉर्न सुरू झाले, एका गाडीतला माणूस काच खाली करून ह्यांना काका बाजूला घ्या म्हणून ओरडला. चाळीस वर्षं प्रवाशांना सुखरूप नेणाऱ्या माणसाला. ह्यांनी उत्तर दिलं नाही, दिलं ते मी.

घरी आल्यावर दुपारी गाडी धुऊन झाली, टाकी रिकामी केली, गाद्या उन्हात टाकल्या आणि मग दोघं कागद घेऊन बसलो. आम्ही एक अर्ज करतोय. तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ किंवा हायवेच्या कडेला सरकारी पडीक जागा असतेच. तिथं आठ-दहा गाड्या रात्री राहतील एवढं मैदान, एक नळ, बायकांसाठी पाणी असलेले दोन संडास, एक दिवा आणि चिंचेची चार झाडं. ट्रकवाला, ट्रॅक्टरवाला, जत्रेकरू, आमच्यासारखे म्हातारे, कुणीही थांबावं. फी ठेवा, आम्ही देऊ. सुरुवात खानापूरपासून, कारण तिथं ह्यांना अजून सगळे ओळखतात. कन्नड प्रत हे लिहितायत, मराठी माझ्याकडं आहे. सोमवारी तालुका पंचायतीत दोन्ही द्यायच्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.